‘पेट फ्रेंडली’ची पाटी लावायच्या आधी कुंपण घाला



दोन वर्षांपूर्वी गावाकडच्या घराचं हॉलिडे कॉटेज कसं करायचं यावर मी एक व्हिडिओ केला होता. त्यात मी ठणकावून सांगितलं होतं, “लिस्टिंग करताना फॅमिली फ्रेंडली आणि पेट फ्रेंडली, दोन्हीवर टिक करा. टिक करायला पैसे लागत नाहीत, बुकिंग मात्र वाढतं.”

तो सल्ला आज मी मागे घेते. टिक करायला पैसे लागतात. आधी नाही भरले तर नंतर भरावे लागतात, आणि ते फक्त पैशात भरता येत नाहीत. हे मला माझ्याच माणसांच्या घरी कळलं, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

काय झालं होतं

माझं साताऱ्यात पडदे-चादरींचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. माझ्या मामांचं घर भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या पाणलोटाकडच्या एका वाडीत. जुनं कौलारू घर, पुढे ओसरी, मागे परसू, चार आंब्याची झाडं. पुण्याहून कापूरहोळला वळायचं, भोर गाठायचं आणि मग आतला रस्ता. दोन-अडीच तासांत माणूस पोचतो. मामा गेल्यावर मामेभाऊ आणि वहिनींनी घर दुरुस्त करून पाहुण्यांसाठी द्यायला सुरुवात केली. दोन खोल्या पाहुण्यांना, एका बाजूला ते दोघं आणि मामी.

शनिवार-रविवार भरायचा. सोमवार ते शुक्रवार मात्र घर रिकामं. दादाने मला विचारलं आणि मी तोच सल्ला दिला. त्याने टिक केलं. खरंच, पंधरा दिवसांत बुधवार-गुरुवारची बुकिंगं यायला लागली. मी खूश, दादा खूश.

तिसऱ्या की चौथ्या बुकिंगला एक कुटुंब लॅब्राडॉर घेऊन आलं. दुसऱ्या खोलीत तीन वर्षांची मुलगी असलेलं दुसरं कुटुंब. पहिल्याच संध्याकाळी कुत्र्याने खेळता खेळता त्या मुलीला पाडलं. लागलं नाही, पण पोरगी अशी घाबरली की तिची आई दोन दिवस तिला ओसरीवर आणेना. दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्रा परसातून सुटला आणि शेजारच्या मावशींच्या खुराड्यात शिरला. सहा कोंबड्या मारल्या. त्यात एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती.

दादा त्या पाहुण्यांवर चिडला. तेव्हा त्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, “तुम्ही पेट फ्रेंडली लिहिलंय. मग परसात मोकळा सोडायचा नाही, हे मला कोण सांगणार होतं?”

मला फोनवर हे ऐकून आधी राग आला. रात्री विचार केला तेव्हा पटलं की माणूस बरोबर बोलत होता. आपण बोलावलं, पण तयारी केली नव्हती.

दादा मावशींकडे कोंबड्यांचे पैसे घेऊन गेला. त्या म्हणाल्या, “पैसे राहू दे. कुत्री आणू नको.” आणि मग खरा फटका बसला. त्या मावशी रोज पाहुण्यांसाठी दूध आणि तांदळाच्या भाकरी द्यायच्या. ते बंद झालं. पाहुणे रिव्ह्यूमध्ये ज्या भाकरीचं कौतुक करायचे ती वहिनींची नव्हती, मावशींची होती. पुढचे दोन महिने वहिनी एकट्या चुलीपुढे. सहा कोंबड्यांची किंमत कुणीही सांगेल. दोन महिन्यांच्या भाकरीची किंमत आमच्या कुठल्या हिशोबात लिहिलेली होती?

मग पेट फ्रेंडली करूच नये का?

करावं. माझं मत अजूनही तेच आहे, हा चांगला धंदा आहे. आता कारणासकट सांगते.

घरात कुत्रा असलेल्या कुटुंबाची मोठी अडचण कुठली? सुट्टीत त्याला ठेवायचं कुठे. रेल्वेत सोबत न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे बुक करावा लागतो, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यात ठेवावं लागतं. बहुतेक हॉटेलं दारातच नाही म्हणतात. शेजाऱ्यांवर सोपवायचा तर किती दिवस? मग अशी कुटुंबं एकतर जात नाहीत, नाहीतर आळीपाळीने जातात. आई-मुलं पुढे, बाबा कुत्र्यापाशी घरी. गाडी काढून दोन-तीन तासांत पोचता येईल अशी जागा त्यांना मिळाली की ती माणसं भाव फार करत नाहीत, जागा नीट असेल तर पुन्हा येतात, आणि आपल्यासारख्याच चार जणांना सांगतात.

म्हणजे कुत्रा हा तुमचा कस्टमर नाही. कस्टमर कुटुंबच आहे. कुत्र्यामुळे त्यांचं जाणं अडलेलं असतं आणि तुम्ही ती अडचण सोडवता, त्याचे पैसे मिळतात. अडचण अर्धवट सोडवली तर पैसेही अर्धवट मिळतात आणि भांडण पूर्ण मिळतं.

आम्ही काय बदललं

दादाने तीन महिने ती टिक काढून टाकली. त्या काळात आम्ही ही कामं केली.

पहिलं, कुंपण. अख्ख्या जागेला नाही, फक्त घरामागच्या चार गुंठ्यांना. चार गुंठे म्हणजे साधारण ४,३५६ चौरस फूट. चौकोनी धरलं तर चारही बाजू मिळून २६४ फूट कुंपण. पाच फूट उंच तारेची जाळी, लोखंडी अँगल आणि खाली सिमेंटचा कठडा. कठडा का? कुत्रा जाळीवरून उडी मारेल याची लोकांना काळजी असते, पण खरा कुत्रा खालून माती उकरून जातो. फाटकं दोन, एकापुढे एक. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. पोरं फाटक उघडं टाकतातच, हे धरूनच चालायचं.

दुसरं, एका वेळी एकच कुटुंब. हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आणि सगळ्यात जास्त विरोधही यालाच होतो. “दोन खोल्या आहेत तर दोन बुकिंगं का नकोत?” कारण फॅमिली फ्रेंडली आणि पेट फ्रेंडली या दोन गोष्टी एका छपराखाली तेव्हाच नांदतात, जेव्हा मूलही त्यांचं आणि कुत्राही त्यांचाच असतो. अनोळखी मूल आणि अनोळखी कुत्रा एका ओसरीवर आणणं ही जोखीम आहे. आता कुत्रा येणार असेल तर दोन्ही खोल्या एकाच ग्रुपला. दर त्याप्रमाणे लावला.

तिसरं, तुळस. हसू नका. नर कुत्र्याला उभं काही दिसलं की तो पाय वर करणार. पहिल्याच महिन्यात एकाने मामींच्या वृंदावनावर केलं. मामींनी ते तीनदा धुतलं, कुणाला एक शब्द बोलल्या नाहीत, पण जेवल्या नाहीत. घर पाहुण्यांना दिलं तरी ते आधी मामींचं घर आहे. आता कुत्र्यांची ये-जा मागच्या फाटकातून. पुढचं अंगण, वृंदावन आणि ओसरी त्यांच्या वाटेत येतच नाही. तसंही ओसरी शेणाने सारवलेली आहे. नखांनी एका दिवसात पोपडे निघतात.

चौथं, कापड. हा माझा विषय, म्हणून थोडं जास्त. मखमल, शेनील असलं काही घेऊ नका, केस अडकून बसतात. घट्ट विणीच्या सुती चादरी घ्या. पलंगावर आणि बैठकीवर वरून सोलापुरी चादर टाका. जाड असते, धुतली की नवी, आणि खराब झाली तर जीव हळहळत नाही. प्रत्येक पलंगामागे तीन संच हवेत. एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. दोन संचांवर धंदा करणारे पावसाळ्यात रडतात, कारण भोरच्या पावसात चादर दोन-दोन दिवस वाळत नाही. आणि गुळगुळीत टाइल्स लावायचा मोह टाळा. कुत्री त्यावर घसरतात, म्हातारी माणसंही घसरतात. शहाबादी फरशी किंवा कोबा बरा.

पाचवं, स्वयंपाकघर. वहिनी प्रेमाने उरलेला रस्सा-भात कुत्र्यांना घालायच्या. गावात आपण असंच करतो. पण कांदा आणि लसूण कुत्र्याला बाधतात. द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट तर धोक्याचंच. शिजवलेलं हाड तुटून टोकदार होतं आणि घशात-पोटात अडकतं. आता वहिनी मीठ-मसाला न घालता, हाडं काढून चिकन-भात वेगळा शिजवतात आणि एका वाडग्याचे १२० रुपये घेतात. कुणीही कुरकुर केलेली नाही. उलट बहुतेक जण विचारतात, “उद्यापण मिळेल ना?”

सहावं, रात्र. रात्री कुत्रा घरात, पाहुण्यांच्याच खोलीत. बाहेर बांधायचा नाही. कुत्रा हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य, हे जुन्नर-आंबेगाव भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. डोंगराच्या, उसाच्या कडेला जिथे जिथे बिबट्याचा वावर आहे तिथे बाहेर बांधलेला कुत्रा म्हणजे त्याला दिलेलं आमंत्रण. बाहेर मुलांची पण खोली असते, विसरू नका. “आमचा कुत्रा आत झोपत नाही” असं म्हणणाऱ्या पाहुण्याला दादा आता नम्रपणे नाही म्हणतो.

फॅमिली फ्रेंडली म्हणजे झोपाळा नव्हे

आता दुसरी टिक. आपल्याकडे झोपाळा बांधला, कॅरम ठेवला की फॅमिली फ्रेंडली झालं असं समजतात. मी विचारते, विहिरीवर जाळी आहे का? उंदरांचं औषध आणि फवारणीची औषधं कुलपात आहेत का? ही दोन्ही कामं मुलासाठी केलीत तर कुत्र्यासाठीही होतात. फाटक, कुंपण, पायरीवरचा दिवा, गच्चीचा कठडा यांचंही तसंच. खर्च एक, फायदा दोघांना. म्हणून मी म्हणते की दोन्ही टिका एकत्र करायला हरकत नाही, फक्त यादी एकच करा आणि पूर्ण करा.

धरणाच्या पाण्याचं तर स्पष्टच सांगा. पाणलोटाचं पाणी वरून शांत दिसतं, काठाला गाळ असतो, आणि खोली कुठे वाढते ते दिसत नाही. दादा आलेल्या प्रत्येक कुटुंबाला पहिल्या चहाबरोबर सांगतो, “पाणी बघायचं, उतरायचं नाही.” एखादा पाहुणा नाराज झाला तर चालेल.

आणि भिंतीवर एक कागद लावा. जवळचं ग्रामीण रुग्णालय, पशुवैद्यकीय दवाखाना, सर्पमित्र, यांचे फोन नंबर मोठ्या अक्षरात. कुत्रा चावला, ओरखडा आला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद-चुना लावत बसायचं नाही. हे पाहुण्याच्या कुत्र्यालाही लागू आणि वाडीतल्या कुत्र्यालाही. बुकिंगच्या वेळीच रेबीजच्या लसीच्या कार्डाचा फोटो मागवा. ज्याच्याकडे कार्ड नाही त्याला खोली नाही. पावसाळ्यात गवतातून गोचीड लागते, तेव्हा गोचिडीचं औषध लावून आणा, हेही आधीच कळवा.

डिपॉझिट नको, फी घ्या

इथे माझं मत बऱ्याच जणांपेक्षा वेगळं आहे. लोक सांगतात, कुत्र्याचं पाच हजार डिपॉझिट घ्या, नुकसान झालं तर कापा. मी म्हणते, घेऊ नका. डिपॉझिट घेतलं की निघायच्या दिवशी तुम्ही चादर उजेडात धरून डाग शोधणार आणि पाहुणा म्हणणार, “हा आधीच होता.” सुट्टीचा शेवटचा अर्धा तास वादात. आणि रिव्ह्यू तो त्या अर्ध्या तासाचाच लिहिणार.

त्यापेक्षा स्वच्छतेची फी सरळ सांगा. आम्ही मुक्कामाला एका कुत्र्याचे ७०० रुपये घेतो. त्यात जादा धुणं आणि झाडझूड बसते. एखादी चादर फाटली तर ती धंद्याची झीज समजायची. मोठं नुकसान झालं तर भरपाई द्यावी लागेल, हे बुकिंगच्या मेसेजमध्ये लिहिलेलं असतंच. कुत्रे जास्तीत जास्त दोन.

हिशोब

आता वही काढा.

कुंपण २६४ फूट, आम्हाला फुटाला २१० रुपये पडले. म्हणजे ५५,४४० रुपये. दोन फाटकं ९,०००. मागच्या बाजूला नळ आणि पाय धुवायचा ओटा ६,५००. जादा चादरींचे संच १२,०००. एकूण ८२,९४० रुपये.

मधल्या वारी अख्ख्या घराचा दर ४,५०० रुपये रात्रीला. धुणं, वीज, मदतनीस बाईंचा पगार धरून रात्रीमागे १,२०० खर्च. हातात ३,३००. या तयारीमुळे महिन्याला मधल्या वारच्या तीनच रात्री जास्त भरल्या असं धरू. ९,९०० रुपये. म्हणजे खर्च निघायला आठ-साडेआठ महिने. जेवणाचे आणि कुत्र्याच्या फीचे पैसे मी धरलेलेच नाहीत.

आता तीनऐवजी एकच रात्र जास्त भरते असं धरून बघा. पंचवीस महिने. तुमच्या गावाचं अंतर, रस्ता, तुमचे दर वेगळे असतील. हाच हिशोब तुमच्या आकड्यांनी करा. आणि तो केल्यावर जर पटलं नाही, तर पेट फ्रेंडली करू नका. त्यात कमीपणा काही नाही. ‘आमच्याकडे लहान मुलांचं स्वागत, प्राण्यांची सोय नाही’ ही पाटीसुद्धा चांगली पाटी आहे. ती खरी असते.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०२० मध्ये राज्याने कृषी पर्यटन धोरण आणलं आहे. शेती तुमच्या नावावर असेल तर पर्यटन विभागाकडे नोंदणीची चौकशी करा. जेवण देत असाल तर अन्न सुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी करा. पाहुण्यांच्या ओळखपत्रांची नोंदवही ठेवा. “गावात कोण बघतंय” हे वाक्य धंदेवाल्याच्या तोंडात शोभत नाही.

शेवटचा भागीदार

सगळं झाल्यावर दादा आणि वहिनी मावशींकडे गेले. पैसे घेऊन नाही. त्यांना परसात आणलं, कुंपण दाखवलं, दोन्ही फाटकं उघडून-लावून दाखवली. मावशींनी कठड्यावर पाय ठेवून जाळी हलवून बघितली. मग विचारलं, “आणि सुटलाच तर?” दादा म्हणाला, “तर कोंबडीमागे हजार रुपये, त्याच दिवशी, आणि तो पाहुणा पुन्हा नाही.” वहिनींनी भाकरीचा दरही वाढवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आलं. भाकरी यायला आणखी आठवडा गेला.

वाडीतल्या कुत्र्यांनाही दादाने पशुवैद्यकांना बोलावून रेबीजच्या लशी टोचून घेतल्या. पाहुण्यांच्या कुत्र्याला कार्ड मागायचं आणि आपल्या गल्लीतल्यांना मोकळं सोडायचं, हे मावशींनीच लक्षात आणून दिलं होतं.

बिझनेसच्या पुस्तकात मी स्टेकहोल्डर हा शब्द शिकले, परीक्षेत त्याची व्याख्या लिहून मार्कही मिळवले. त्यात शेजारच्या खुराड्यातली कोंबडी येते हे मात्र मला वाडीत कळलं. गावात कॉटेज काढताना पाहुणा दोन दिवसांनी जातो, शेजारी तिथेच असतो. त्याला विचारल्याशिवाय कुठलीही पाटी लावू नका.

तेव्हा तुमच्यापैकी जे कुणी गावाकडचं घर पाहुण्यांना द्यायच्या विचारात आहेत, त्यांना या आठवड्याचा गृहपाठ. मोबाइल बाजूला ठेवा, घरामागे जा, आणि एका सुटलेल्या कुत्र्याच्या आणि एका तीन वर्षांच्या मुलाच्या नजरेने जागेला एक चक्कर मारा. कुठून निसटता येतं, कुठे पडता येतं, काय तोंडात घालता येतं, ते सगळं लिहून काढा. मग त्या यादीपुढे रुपये लिहा. ती यादी पूर्ण होईल त्या दिवशी टिक करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.